अक्रा : अझुमा नेल्सनच्या शहरात

घानाची राजधानी अक्रा. तिथल्या जेम्सटाउनमधले लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे दीपगृह मागे टाकून थोडे चालले की बुकॉमच्या गल्ल्या लागतात. गा समाजाच्या कोळ्यांची ही दाट वस्ती आयक क्वार्टीसारख्या जगज्जेत्या मुष्टियोद्ध्यांमुळे ओळखली जाते. एका तालमीत चिकटपट्ट्यांनी सांधलेल्या पिशवीवर दहा-बारा वर्षांची मुले ठोसे मारत होती आणि प्रशिक्षक ठोशांपेक्षा त्यांच्या पायांकडेच अधिक लक्ष देत होते. भिंतीवरच्या फिकट चित्रात घानाचा जगज्जेता मुष्टियोद्धा अझुमा नेल्सन होता. मी अक्राला आलो होतो तो त्याच्याच ओढीने.

1958 साली याच शहरात जन्मलेल्या अझुमाने 1978 च्या एडमंटन राष्ट्रकुल स्पर्धेत फेदरवेट या हलक्या वजनाच्या गटाचे सुवर्णपदक मिळवले, पण जगाला तो कळला एका पराभवातून. जुलै 1982 मध्ये, जेमतेम दोन आठवड्यांच्या पूर्वसूचनेवर, तो न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मेक्सिकोचा अजिंक्य वाटणारा जगज्जेता साल्वादोर सांचेझ याच्यासमोर उभा राहिला आणि पंधराव्या फेरीपर्यंत त्याने सांचेझला झुंजवले. ती सांचेझची अखेरची लढत ठरली, कारण पुढच्याच महिन्यात मोटार अपघातात त्याचे निधन झाले.

अझुमाचे मोठेपण मला दिसते ते परक्या मुलुखात. डिसेंबर 1984 मध्ये प्वेर्तो रिकोच्या सान हुआन शहरात, जगज्जेत्या विल्फ्रेदो गोमेझच्या घरच्या प्रेक्षकांपुढे, गुणांत मागे असताना त्याने अकराव्या फेरीत गोमेझला लोळवून जागतिक विजेतेपद पटकावले. पुढे 1988 मध्ये तो त्याहून थोड्या जड सुपर फेदरवेट गटाचाही विजेता झाला.

ऑस्ट्रेलियाचा मुष्टियोद्धा जेफ फेनेक याच्याबरोबरची 1991 ची लास व्हेगासमधील लढत बरोबरीत सुटली तेव्हा फेनेकवर अन्याय झाल्याचे अनेकांचे मत होते, आणि तब्बल 31 वर्षांनी, 2022 मध्ये, जागतिक मुष्टियुद्ध परिषदेने फेनेकला विजयी ठरवले. तो निर्णय मला रास्तच वाटतो. मात्र मार्च 1992 मध्ये खुद्द मेलबर्नमध्ये, फेनेकच्याच हजारो चाहत्यांसमोर, अझुमाने त्याला आठव्या फेरीत थांबवले, आणि त्या रात्रीचा निकाल पंचांच्या गुणपत्रिकेवर अवलंबून राहिलाच नाही.