दुपारी मुकी झालेली पाणबुडी

भंडारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं ॲम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे. चैत-वैशाखात धुमालवाल्यांच्या, म्हणजे वरातीत वाजवणाऱ्या पार्ट्यांच्या, जळलेल्या मशीन दाराशी रांग लावून असतात आणि मालक 'आज वरात आहे भाऊ' म्हणत डोक्यावर बसलेले. अशाच एका दुपारी आयटीआयमधून निवृत्त झालेले वेल्डिंगचे सर आले आणि म्हणाले, "पाण्याखालून बोलता येईल असा फोन करून दे."

सरांनी अंगणात पाणबुडी बनवली होती. लोखंडी पत्र्याची, दोन माणसं मांडी घालून बसतील एवढी. पाच मीटरखाली जाऊ नये म्हणून पाठीला दोर आणि दोराला तरंगता ड्रम. आधी त्यांनी वायरचा फोन लावून पाहिला होता, पण तलावात बुडालेल्या झाडांची खुंटं आहेत, वायर त्यांत अडकली. तेव्हापासून वहिनींनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, पाणबुडी अंगणातच ठेवायला लावली होती. जून 2023 मध्ये टायटॅनिकचे अवशेष पाहायला निघालेल्या 'टायटन' पाणबुडीचा संपर्क पावणेदोन तासांत तुटला, ती बातमी वहिनींनी टीव्हीवर रोज पाहिली होती. त्यांची अट साधी होती: आवाज आला पाहिजे.

मी मोबाइल दोन पिशव्यांत बांधून दुकानामागच्या ड्रमात सोडला. हातभर खोल गेला आणि कॉल तुटला. रेडिओची लहर पाण्यात विरते, त्यात पाणबुडी म्हणजे बंद लोखंडी डबा. पाण्यात चालतो तो आवाजच, आणि चांगला चालतो: हवेत सेकंदाला साधारण 350 मीटर, पाण्यात 1500 च्या आसपास. पण माणसाचा आवाज जसाच्या तसा पाण्यात ढकलायचा तर मोठा, जड भोंगा लागतो. म्हणून तो आधी वरच्या सुरावर चढवायचा, पाण्यातून पाठवायचा आणि पलीकडे परत उतरवायचा. पाणबुड्यांचे मोठे फोन 8 किलोहर्ट्झच्या आसपास चालतात. डायव्हर लोकांच्या बिनतारी फोनमध्ये 32.768 किलोहर्ट्झ हा आकडा वाचला आणि मी हसलोच. हा तर भिंतीवरच्या घड्याळातला क्रिस्टल! सेकंदाला 32768 कंपनं, पंधरा वेळा निम्मी केली की सेकंदाला एक उरतं, म्हणून घड्याळवाले तो वापरतात. आमच्या चौकातल्या घड्याळवाल्याने मूठभर दिले, पैसे घेतले नाहीत.

पाण्यात आवाज सोडणारी चकती सोनाराकडच्या दागिने धुण्याच्या बंद पडलेल्या मशीनमधून काढली. तिचा सूर 40 किलोहर्ट्झचा, अगदी जुळणारा नव्हे, पण दीडशे मीटरपुरता चालून गेला. ती पीव्हीसीच्या तुकड्यात बसवून तोंडाला सायकलच्या ट्यूबचं रबर ताणलं आणि आत एरंडेल तेल भरलं. किराणा दुकानातलं, पोट साफ करायचं तेच. त्यातून आवाज जवळपास पाण्यातल्यासारखाच जातो आणि वीजही झिरपत नाही. फक्त आत हवेचा बुडबुडा राहता कामा नये. बुडबुडा राहिला की आवाज तिथूनच माघारी फिरतो. पहिल्या खेपेला राहिला. मग तेल कोमट करून, थेंबाथेंबाने ओतून, रात्रभर उभं ठेवलं.

एप्रिलमधल्या एका सकाळी सात वाजता मच्छीमार सोसायटीच्या डोंग्यात बसून आम्ही तलावात गेलो. पाळीजवळ, म्हणजे तलावाच्या बांधाजवळ, आठेक मीटर पाणी होतं. माझी चकती डोंग्याच्या कडेला हातभर पाण्यात, त्यांची पाणबुडीच्या टपावर. सर आणि त्यांचा भाचा आत बसले, बुडाले, शंभर मीटरवर गेले. हेडफोनमध्ये मोटरची घरघर, ती थांबली, आणि मग नाकातून बोलल्यासारखा भाच्याचा आवाज: "एक, दोन, तीन..." दहापर्यंत नीट ऐकू आलं. पाळीवर वहिनींनी पदराने तोंड पुसलं.

दुपारी दोनला पुन्हा उतरायचं ठरलं, कारण तोवर अर्धं गाव पाहायला जमलं होतं. तीच जागा, तेच अंतर. नियम असा की दर पाच मिनिटांनी हाक द्यायची आणि तीन हाका चुकल्या तर पाणबुडीने वर यायचं. पहिली हाक गेली, उत्तर नाही. दुसरी, नाही. हेडफोनमध्ये नुसता पाण्याचा सळसळाट, आणि फार लांबून कोणी पोत्यात तोंड घालून बोलतंय असं काहीतरी. मी डबा उघडला, बॅटरी मोजली, एक जोड उगाच पुन्हा झाळला. हात थरथरत होता, कारण पाळीवर वहिनी उभ्या राहिल्या होत्या. पंधराव्या मिनिटाला पाणबुडी वर आली. सर घामाने निथळत म्हणाले, "काहून गा, आमची हाक आली नाही का?"

दहा मीटरवर घेऊन पाहिलं तर फोन ठणठणीत. शंभर मीटरवर गेला की मुका.

डोंगा वल्हवणारे ढिवर बाबा इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "दुपारी वरचं पाणी तापते न जी. मासे बी वर नाही राहत, बुडाशी जातेत. मी तं चैत लागला का जाळं खाली सोडतो."

दोन क्षण मी त्यांच्याकडे पाहतच राहिलो. मग शाळेतून थर्मामीटर मागवला. बाबांनी सोड्याच्या बाटलीला दगड बांधला, बुचाला वेगळी सुतळी. बाटली चार मीटर खाली सोडायची, मग झटका देऊन बूच काढायचं, म्हणजे तिथलंच पाणी आत शिरतं. वरचं पाणी 33 अंश निघालं, खालचं 28. पाच अंशांत आवाजाचा वेग सेकंदाला अकरा-बारा मीटरने बदलतो, आणि आवाज नेहमी मंद बाजूला, म्हणजे थंडाकडे वळतो. माझी चकती तापलेल्या थरात लोंबत होती. तिथून निघालेला आवाज सरळ जाण्याऐवजी खाली वाकून पाणबुडीच्या कितीतरी आधी चिखलात शिरत होता. (रात्री वाचलं की 1930 च्या दशकात ग्वांतानामोच्या उपसागरात अमेरिकी आरमाराच्या सोनार यंत्रालाही (पाण्यात आवाज सोडून पाणबुड्या शोधणाऱ्या) दुपारी हाच त्रास झाला होता.)

बाबांनी जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या काढून दिल्या. त्या वायरला बांधून चकती चार मीटर खाली सोडली. सर पुन्हा बुडाले, शंभर मीटरवर गेले, मोटर थांबली.

"मामी जेवली का?" भाचा विचारत होता.

मी माईक बाबांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटा धरला, मग सरळ केला आणि जोरात विचारलं, "रोहू दिसते का तिथं?"

"नाही जी," खालून उत्तर आलं, "पाणी एवढं गढूळ आहे का आपलाच हात दिसत नाही."