आखूड स्लाइडचं लाकडी मॉडेल : नोंद तिसरी

गेल्या रविवारी माझ्या लाकडी पिस्तुलाची आखूड स्लाइड (वरचा, मागे-पुढे सरकणारा भाग) पहिल्यांदा अडकली आणि मला मनापासून आनंद झाला. पावसाळ्यापासून सांगलीत घराच्या माडीवर हे मॉडेल करत बसलोय, ते हे अडकणं डोळ्यांनी बघायला मिळावं म्हणूनच.

आधीचं ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९११ नावाच्या जुन्या अमेरिकी लष्करी पिस्तुलाच्या दुप्पट मापाचं हे सागवानी मॉडेल आहे. एका अंगाला ॲक्रिलिक लावल्यामुळे आतलं सगळं दिसतं. झाडण्यासारखं यात काही नाही. नळी म्हणजे भरीव दांडी, मागे चेंबरपुरतं, म्हणजे काडतूस बसण्यापुरतं, भोक. काडतुसं लाकडी, पोटात शिशाचा तुकडा. रंग मुद्दाम दिलेला नाही, कुणाला लांबून भलतंच वाटायला नको. धक्क्यासाठी गवंड्याचा ओळंबा दोरीला टांगलाय. ठरलेल्या उंचीवरून सोडला की तो स्लाइडच्या तोंडावर बसतो. ओळंब्याचा मार आणि खऱ्या गोळीचा धक्का एक नव्हे हे मान्य, पण हलकी स्लाइड जास्त वेगानं मागे जाते ही मुख्य गोष्ट त्यात तशीच राहते. खऱ्या पिस्तुलात नळी मागून थोडी खाली झुकते, तो भाग मी घेतलेला नाही.

स्लाइडी तीन केल्यात. मूळ १९११ ची नळी ५ इंच, त्याच्याच आखूड आवृत्त्यांपैकी कमांडरची सव्वाचार, ऑफिसर्सची साडेतीन, त्या हिशेबानं. ५ इंची पिस्तुलानं १९११ साली अमेरिकी सैन्याच्या चाचणीत ६००० फैरी न अडकता काढल्या होत्या. तेच यंत्र दीड इंचानं आखूड केलं की कुरकुर का करतं, हा माझा प्रश्न.

कागदावर उत्तर सोपं आहे. गोळी पुढे जाते तितकाच संवेग मागे येतो. स्लाइडचं वजन निम्मं झालं तर वेग दुप्पट आणि ऊर्जाही दुप्पट. ती जिरवायला स्प्रिंगला जागा मात्र कमी, म्हणून स्प्रिंग कडक घालावी लागते. इथपर्यंत सगळे सांगतात. मला दिसलं ते याच्या पुढचं आहे.

मोबाइलवर स्लो मोशन लावून एकेक फ्रेम पुढे सरकवत गेलो. स्लाइड मागे जाते, काडतुसाच्या बुडाच्या मागे थोडी जास्तीची धाव घेते आणि परत फिरताना पुढचं काडतूस चेंबरमध्ये ढकलते. मॅगझिनच्या (काडतुसं भरायच्या डब्याच्या) स्प्रिंगला ते काडतूस वर आणायला वेळ मिळतो तो एवढ्या जास्तीच्या धावेत. लांब स्लाइडमध्ये काडतूस मॅगझिनच्या ओठांना, म्हणजे वरच्या आत वळलेल्या कडांना, टेकून निवांत बसलेलं दिसतं, मग स्लाइड येते. आखूडमध्ये काडतूस अजून वर येतच असतं. टोक वर, बूड खाली, आणि स्लाइड येऊन आदळते ती बुडाच्या कडेवर नाही, कडेपुढे दोन सूत, अंगावरच. ते काडतूस मी बाहेर काढून उन्हात धरलं. लाकडावर नखानं दाबल्यासारखी चंद्रकोर उठली होती. सातपैकी पहिली काडतुसं बहुधा सुटली, अडकली ती शेवटची दोन. तिथवर मॅगझिनची स्प्रिंग पसरून ढिली पडलेली असते.

मी लगेच कडक रिकॉइल स्प्रिंग (स्लाइडला परत ढकलणारी) आणायला कुपवाड एमआयडीसीत गेलो. तिथले लेथवाले आप्पा माझ्या स्प्रिंगा गुंडाळून देतात. बंदुकीचा त्यांना गंध नाही. व्हिडिओ दोनदा बघितला आणि म्हणाले, "सर, स्प्रिंग कडक केली म्हंजे जाताना अडवणार, पण येताना ढकलणार बी जोरात. तुमची घाई वाढंल की ओ."

तसंच झालं. मागच्या टेकणावरचा ठोका मऊ झाला, पण अडकणं वाढलं.

मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची असं ठरवलं. आखूड स्लाइडमध्ये शिसं भरून वजन लांब स्लाइडइतकं केलं, धाव तोकडीच ठेवली. अडकणं कमी झालं, गेलं नाही. मग शिसं काढलं आणि टेकणाची ठोकळी अर्धा इंच मागे सरकवली, म्हणजे स्लाइड हलकी पण धाव पुरेशी. हा बदल शिशापेक्षा सरस ठरला. शेवटी ठोकळी जागेवर आणून फक्त मॅगझिनची स्प्रिंग बदलून कडक घातली, आणि चंद्रकोर उठायची थांबली. याची किंमत लगेच दिसली. मॅगझिन काठोकाठ भरलं की पहिलं काडतूस ओठांत इतकं घट्ट बसतं की ते ओढून नेताना स्लाइडचा जीव जातो आणि ती चेंबरपाशी एक सूत उघडी राहते. ओठांना मेण चोळल्यावर थोडा फरक पडला.

म्हणून "आखूड स्लाइड बेभरवशाची" हे वाक्य मला आता अपुरं वाटतं. लांबी कमी करताना मॅगझिनच्या वाट्याचा वेळ कापला जातो, तो भरून दिला की तेच यंत्र चालतं. लांबी वाढवणं हाही बिनधोक उपाय नाही. ग्लॉक कंपनीच्या ३४ नंबरच्या पिस्तुलाची स्लाइड त्यांच्याच १७ नंबरपेक्षा लांब आहे, पण वरून मोठी खाच पाडून तिचं वजन उतरवलंय. जड स्लाइड हलक्या काडतुसानं पुरती मागे जात नाही आणि काडतुसाची रिकामी पुंगळी बाहेर पडायच्या तोंडातच अडकते. ओळंबा कमी उंचीवरून सोडून मी हे माझ्या लांब स्लाइडवर करून पाहिलं. ती खरंच अर्ध्यातून परतली.

आता काम दुहेरी स्प्रिंगचं. ऑफिसर्समध्ये एकात एक अशा दोन स्प्रिंगा असतात, ग्लॉक २६ मध्येही. आतली बारीक स्प्रिंग आप्पांनी गुंडाळलीय, पण दांडीवर घासतेय. बुधवारी दांडी अर्ध्या सुतानं उतरवून आणणार आहे.