सत्ताविसावा अध्याय, श्टुटगार्टमध्ये

बायबलातल्या नीतिसूत्रांच्या पुस्तकाचे अध्याय 31. त्यामुळे जी तारीख तो अध्याय, असा हिशेब ख्रिस्ती घरांत सहज लागतो. ठाण्यात, कोपरीला, पप्पा रात्री जेवणाआधी वाचायचे आणि आम्ही वाफाळत्या वरणाकडे बघत ऐकायचो. तीस दिवसांच्या महिन्यात सद्गुणी स्त्रीचा एकतिसावा अध्याय हुकायचा. "बरोब्बर बायकांचाच दिवस कापला," आई म्हणायची.

27 तारीख मात्र चुकायची नाही. सत्ताविसाव्यात पावसाळ्यातली सततची गळती आणि भांडखोर बायको यांना एकाच पारड्यात बसवलंय. पप्पा ते जरा चढ्या आवाजात वाचायचे. आमचं घर शेवटच्या मजल्यावर, गच्चीच्या खाली, आणि जुलैत कोपऱ्यात खरोखरच बादली ठेवलेली असायची. स्वयंपाकघरातून उत्तर यायचं, "आधी गच्चीला डांबर मारून घ्या, मग वाचा."

आता मी जर्मनीत, श्टुटगार्टला असतो. (हे मुंबईचं भगिनी शहर, 1968 पासून. ठाणेकरांना विचारलं नव्हतं.) वाचायची सवय टिकली, पण तीच वचनं इथे वेगळ्याच जागी लागतात. पहाटे उठून मोठ्यानं शेजाऱ्याला आशीर्वाद दिलास तर तो शाप समजला जाईल, हेही सत्ताविसाव्यातलंच. कोपरीत याचा अर्थच लागायचा नाही. आमच्या चर्चच्या मंडळीतले एक काका सकाळी साडेसहालाच जिन्यातून "जय ख्रिस्त!" अशी हाळी देत चढायचे. तोवर अजान झालेली, काकड आरती झालेली, स्टेशनवरची अनाउन्समेंट चालूच. काकांच्या आशीर्वादाला शाप मानायला फुरसत कुणाला? इथे रात्री दहा ते सकाळी सहा शांतता, रविवारी तर दिवसभर. भिंतीला ड्रिल लावायचं नाही, रिकाम्या बाटल्या काच गोळा करायच्या कुंडीत टाकायच्या नाहीत, कारण खळकन आवाज होतो. 25व्या अध्यायापासूनची सूत्रं यहूदाच्या हिज्कीया राजाच्या माणसांनी उतरवून काढली, असं पुस्तकातच म्हटलंय. त्यांतला एखादा श्टुटगार्टचा असावा, अशी मला शंका आहे.

दूरच्या भावापेक्षा जवळचा शेजारी बरा, हे वचन कोपरीत कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. इथे समोरच्या दारातल्या आजींशी माझा संबंध म्हणजे एक पाटी. ती ज्याच्या दाराला टांगलेली, त्या आठवड्यात जिना झाडायची-पुसायची पाळी त्याची. श्वाबियातली, म्हणजे श्टुटगार्टच्या आसपासच्या भागातली, ही जुनी रीत, तिला केअरवोख म्हणतात. आजी आपली पाळी झाली की पाटी माझ्या दाराला अडकवून जायच्या, बेल न वाजवता. गेल्या हिवाळ्यात मी तापानं आडवा झालो. सख्खा भाऊ ठाण्यातल्या चरईतून व्हिडिओ कॉलवर काढ्याची कृती सांगत होता, आलं किती ठेचायचं इथपर्यंत. पाटी माझ्या दारावर. शनिवारी कसाबसा उठून दार उघडलं, तर जिना ओला, पुसलेला, आणि उंबऱ्याशी माझं पार्सल, जे कुरियरवाला त्यांच्याकडे ठेवून गेला होता. त्यानंतरही आम्ही फारसं बोललो नाही. शेजाऱ्याच्या घरी सारखं जाऊ नये, तो कंटाळेल, असंही नीतिसूत्रांत आहेच, आणि आजी त्या बाबतीत पक्क्या.

"वाईट, वाईट," असं घेणारा म्हणतो आणि घरी जाऊन फुशारकी मारतो, हे विसाव्यातलं वचन मात्र आईसाठीच लिहिलेलं. जांभळी नाक्यावर मेथीच्या जुडीला नाकं मुरडणार, दोन पावलं पुढे जाणार, हाकेला वळणार, आणि घरी आल्यावर, "बघ कशी कोवळी मिळाली!" इथल्या भाजीबाजारात भाव पाटीवर लिहिलेला, वाईट म्हणालात तर बाई जुडी परत ठेवते. घासाघीस करायची तर शनिवारी कार्ल्सप्लाट्झ चौकातल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात जावं.

जामिनाचं वचन दोन्हीकडे सारखंच टोचतं. दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहू नकोस. फेडायला काही नसलं तर तुझ्या अंगाखालचा पलंग का ओढून न्यावा? हा बाविसावा अध्याय. पप्पांच्या ऑफिसातल्या मित्राला पतसंस्थेच्या कर्जासाठी जामीनदार हवा होता, तेव्हा पप्पांनी हेच पुढे केलं. तो मित्र पुढे कित्येक वर्षं तलावपाळीला दिसला की मान वळवायचा. पप्पा त्याबद्दल काही बोलायचे नाहीत, पण 22 तारखेला ती ओळ जरा भरभर वाचायचे.

मागच्या महिन्यात ऐरोलीहून शिकायला आलेल्या एका मुलाला खोली मिळत होती. घरमालकीण म्हणाली, पगारदार जामीन आण. विद्यार्थ्यांकडे इथे असा जामीन बऱ्याचदा मागतात, एरवी आईवडील सही करतात. याचे आईवडील ऐरोलीत. मी कागदावर आकडा घालून घेतला: तीन महिन्यांचं भाडं, त्यापुढे एक युरोही नाही. इथला कायदा डिपॉझिटलाही तेवढीच मर्यादा घालतो. तरी पेन उचलायच्या आधी ठाण्याला फोन लावलाच.

"तुझं घर फर्निश्ड आहे ना रे?" पप्पांनी विचारलं.

"हो."

"म्हणजे पलंग घरमालकाचा."

"त्याचाच."

"मग कर सही."