काढलं

शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५, रात्रीचे ११

दोन वर्षांपूर्वी काढलं. आज परत काढलं. मराठीत दोन्हीला एकच क्रियापद आहे, हे येताना रिक्षात सुचलं आणि मी एकटीच हसले. रिक्षावाल्याने आरशातून पुन्हा पुन्हा पाहिलं.

डावा स्तन २०२३ च्या दिवाळीनंतर गेला. त्याच शस्त्रक्रियेत ओटीपोटाची कातडी आणि चरबी वर आणून, तिच्या बारीक रक्तवाहिन्या छातीतल्या वाहिन्यांना जोडून डॉक्टरांनी नवा बांधला. काम सुरेख. ब्लाउजमधून कुणाला कळणार नाही. पण वर बोंड नाही, नुसता मळलेल्या कणकेचा उंडा. ते आज टॅटूने काढून घेतलं.

स्तनाग्राला बोंड हा माहेरचा शब्द. माहेर यवतमाळकडचं, कपाशीचं. गाठीचा रिपोर्ट आला तेव्हा आई एवढंच म्हणाली, "कपाशीले लागते तशी बोंडअळीच लागली म्हना पोरीले." २०१७ साली गुलाबी बोंडअळीने आमचं जवळजवळ सगळं पीक खाल्लं होतं, तिच्या लेखी याहून मोठं संकट नाही. ऑक्टोबरात स्तनाच्या कॅन्सरच्या जागृतीसाठी जिकडेतिकडे गुलाबी फिती दिसल्या की मला अजूनही आधी ती अळीच आठवते.

खरं तर अंगावर तीन टॅटू आधीपासून आहेत. रेडिएशनच्या तयारीला सीटी स्कॅनच्या टेबलावर टोचलेले निळे-काळे ठिपके, तिळापेक्षाही लहान. १५ दिवस रोज लेझरच्या रेषा त्यांच्यावर जुळवायच्या, मग मशीन सुरू. मोजणीवाले शेताच्या हद्दीला दगड रोवतात, तसला प्रकार. तेव्हा आवडतंय का, कुठे हवं, असं कुणी विचारलं नव्हतं. विचारायचं कारणही नव्हतं म्हणा.

डॉक्टरांनी कातडीचंच छोटं बोंड उभारायचा पर्याय दिला होता. पण ते हळूहळू बसतं म्हणाले, आणि मला आता टेबलावर पुन्हा चढायचं नव्हतं. रेडिएशन संपून वर्ष उलटू द्या, मग रंगाचं, म्हणजे टॅटूचं बघा, असं ठरलं. विमा कंपनीने हे सौंदर्योपचारात टाकून हात झटकले. अमेरिकेत १९९८ पासून कायदाच आहे, स्तन काढण्याचा खर्च ज्या विम्यात बसतो त्यात पुनर्रचनेचाही बसवावा लागतो. असो. वन्सं म्हणाल्या, "आता पन्नाशीत कोण बघायला येणार आहे?" मी म्हटलं, पैसे माझे आहेत. हे उत्तर नव्हतं, पण विषय संपला.

उत्तर असं की दोन वर्षं मी कपाटाच्या आरशावर टॉवेल टाकून कपडे बदलते आहे. टॉवेल वाळायची जागाच ती, त्यामुळे घरात कुणाला शंका आली नाही.

टॅटू काढणारी मुलगी पंचविशीची असेल. "काकू, उभ्या राहा." झोपल्यावर सगळं सरकतं, म्हणून खुणा उभं असतानाच करतात. उजवीकडचं वर्तुळ मोजलं, तेवढा कागद कापला, डावीकडे धरून आरशात बघायला लावलं. थोडं खाली. थोडं बाहेर. आम्ही दोघी भिंतीवर फोटो लावताना करतात तसं अर्धा तास करत होतो. माझी धास्ती रंगाची होती. इंटरनेटवर पाहिलेली बहुतेक कामं गोऱ्या बायकांची, गुलाबी. अमेरिकेतल्या मेरीलँडच्या व्हिनी मायर्स नावाच्या टॅटूवाल्याने हजारो बायकांना असं करून दिलंय, तेही सगळं पाहून झालं होतं. ही पोरगी मात्र तीन तपकिरी रंग घेऊन बसली आणि उजवीकडे लावून लावून बघत राहिली. शेवटी जमला तो रंग बिनदुधाच्या कॉफीचा.

दुखलं नाही. तिथल्या नसा कापलेल्या आहेत, नुसती घरघर बरगडीत जाणवत होती. कडेला गडद, मधे उजेडाचा एक ठिपका, खाली सावली. बोट फिरवलं तर सपाट. लांबून पाहिलं तर उठून आलेलं. मी तीनदा बोट लावायला गेले, तिने तीनदा हात धरला.

आत्ता रंग फारच काळा दिसतोय. खपली धरेल, पापुद्रे जातील, मग उतरेल म्हणाली. सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा एकदा हात फिरवायला जायचं. तोवर पोहणं बंद. (मी पोहतेच कुठे?) काही वर्षांनी फिकटही होणार आहे. आजीच्या हातावरची तुळस तिच्याबरोबर सरणावर गेली. मेल्यावर सोबत तेवढंच येतं, म्हणायची.

टॉवेल गॅलरीत वाळत घातलाय. ह्यांनी विचारलं, इथला कुठे गेला?

रात्री आईला फोन केला. तिला टॅटू म्हणून समजेना, शेवटी गोंदण म्हटलं.

"दुखलं काय वं?"

"नाही गं."

"मंग ते गोंदन कायचं?"