चिनी राशींची नाणी: १२ पैकी १० झाली

काल २०११ चा ससा हातात पडला आणि ऑस्ट्रेलियातल्या पर्थ टांकसाळीच्या दुसऱ्या मालिकेतली चांदीची १० नाणी जमली. एक औंसाची, २००८ च्या उंदरापासून २०१९ च्या डुकरापर्यंत. आता २००९ चा बैल आणि २०१४ चा घोडा राहिलाय.

ससा लेकीसाठी हवा होता. तिचा जन्म जानेवारी २०१२ चा, म्हणून तिच्या नावाने ड्रॅगन घेऊन ठेवला होता. पण त्या साली चिनी नववर्ष लागलं २३ जानेवारीला, आणि लेक त्याच्या दोन आठवडे आधीची. म्हणजे सशाच्याच वर्षातली! पाडव्याआधी जन्मलेल्याचा शक आदला धरतात, तसंच हे. त्यांच्याकडेही अधिक महिना असतो, आणि १२ प्राणी व ५ तत्त्वं मिळून ६० वर्षांचं चक्र, आपल्या संवत्सरांसारखं. जानेवारी-फेब्रुवारीतल्या जन्मासाठी नाणं घेताना त्या वर्षाची तारीख आधी बघाच.

नाणं मऊ प्लास्टिकच्या पाकिटात आलं होतं. भिंगाखाली सशाच्या पाठीवरच्या बारीक केसांच्या रेघांत त्या प्लास्टिकचा हिरवट चिकट थर दिसला. पोटात गोळाच आला. काचेच्या वाटीत शुद्ध ॲसिटोन घेतलं, खिडकी उघडली, नाणं कडेने धरून सोडलं. दहा मिनिटांनी ताज्या ॲसिटोनमध्ये पुन्हा एकदा बुडवलं आणि न पुसता वाळू दिलं. थर गेला, चमक तशीच राहिली. नेलपॉलिश रिमूव्हर मात्र वापरू नका, त्यात इतर गोष्टी मिसळलेल्या असतात. आणि कापडाने घासणं तर नाहीच नाही. सोनाराच्या काट्यावर वजन ३१.१ ग्रॅम, म्हणजे चांदीचा एक (ट्रॉय) औंस, भरलं, तेव्हा जीव भांड्यात पडला.

बैलाचं जरा अवघड आहे. चांदीची पहिली मालिका १९९९ च्या सशापासून सुरू झाली, त्यामुळे ती २०१० च्या वाघापर्यंत चालली. दुसरी तर २००८ लाच आली. त्यामुळे २००८, २००९ आणि २०१० या तिन्ही वर्षांची दोन-दोन नाणी आहेत. वजन सारखंच, पण पहिल्याचा व्यास ४०.६ मिमी आणि दुसऱ्याचा ४५.६. नुसत्या फोटोवरून आकार कळत नाही. एका विक्रेत्याकडे बैल आहे. नाणं व्हर्नियरमध्ये (व्यास मोजायच्या पट्टीत) धरून फोटो पाठवा म्हणून त्यांना विनंती केलीय. नाणं ठेवायची ४५.६ मिमीची पारदर्शक डबी, म्हणजे कॅप्सूल, आणूनच ठेवली आहे.