सहा दारांची खोली

घर दाखवायला निघालेला माणूस पॅसेज कधीच दाखवत नाही. हॉल दाखवतो, स्वयंपाकघर दाखवतो, गॅलरीत नेऊन बाहेरचा देखावा दाखवतो. पॅसेजमधून आपल्याला नुसतं पुढे काढतो. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचे व्हिडिओ बघताना माझंही तेच व्हायचं. प्रयोगशाळा डोळे भरून बघायच्या, कुपोला नावाच्या घुमटवजा खिडकीच्या सात काचांमधून पृथ्वी बघायची आणि मधले 'नोड', म्हणजे स्थानकाचे भाग एकमेकांना जोडणारे डबे, पुढे सरकवून द्यायचे.

पण अमेरिकेने त्या स्थानकासाठी सर्वांत आधी पाठवला तो पॅसेजच! स्थानकाचा पहिला भाग, रशियाचं झार्या, नुकतंच दोन आठवड्यांपूर्वी वर गेलं होतं, आणि ४ डिसेंबर १९९८ ला एंडेव्हर यान युनिटी हा पहिला नोड घेऊन निघालं. साडेपाच मीटर लांबीचा, साडेचार मीटर व्यासाचा डबा. प्रयोगशाळा कुठे जोडायची, तर याला. ती आली २००१ साली. तोवर दार तिची वाट बघत होतं.

दारं सहा. आपल्या खोलीला चार भिंती, म्हणून दारं ओढूनताणून चार. युनिटीच्या छतालाही जोड आहे आणि तळालाही. वर स्थानकाचा सांगाडा बसवलाय, खाली सामानाची यानं येऊन लागतात. माळ्यावर चढायला शिडी नको, तळघरात उतरायला जिना नको. भिंतींच्या आड पाण्या-वायूच्या २१६ नळ्या आणि जवळपास दहा किलोमीटर वायर.

जोडणी मात्र सावकाशीची. नवा भाग यांत्रिक हाताने जवळ आणायचा, चार हुकांनी तो धरायचा, मग मोटरवर चालणारे १६ बोल्ट आवळायचे. तरी दार लगेच उघडायचं नाही. दोन दारांमधल्या चिंचोळ्या जागेत हवा भरायची आणि ती कुठून निसटतेय का ते बघत बसायचं. पाहुण्याला उंबऱ्यावर इतकं ताटकळत ठेवणारं घर दुसरं नसेल.

१० डिसेंबर १९९८ ला युनिटीत पहिलं पाऊल कोण टाकणार (पाऊल म्हणायचं आपलं!) हा नाजूक प्रश्न होता. कमांडर रॉबर्ट कबाना आणि रशियाचे सर्गेई क्रिकालेव दोघं शेजारी शेजारी आत तरंगत गेले. सव्वा मीटरचं चौकोनी दार त्या दिवशी कामी आलं.

पुढे आणखी दोन नोड आले. हार्मनीत चौघांच्या झोपायच्या कपाटवजा खोल्या. तिसऱ्याच्या नावासाठी लोकांकडून मतं मागवली, तर स्टीफन कोल्बर्ट या विनोदवीराने प्रेक्षकांना कामाला लावून स्वतःचंच नाव जिंकवलं. नासाने नोडला ट्रँक्विलिटी म्हटलं आणि कोल्बर्टचं नाव ट्रेडमिलला दिलं. मला हा निवाडा फार आवडतो.

युनिटीत पुढे जेवायचं टेबल आलं. जो तो कुठेतरी जायला तिथून निघतो आणि जेवायला तिथेच थांबतो. खुर्च्या नाहीत, बसणार कोण? जमिनीलगतच्या दांडीखाली पावलं अडकवायची आणि डबे टेबलाला चिकटवायचे. महिन्या-दोन महिन्यांत तळपायांची कातडी मऊ पडते, घट्टे पडतात ते पावलांच्या वरच्या बाजूला. मोजेही तिथेच विरतात.