तुम्ही विचारलेत म्हणून: सिनेमा आमच्या गावापर्यंत आत्ता पोचला

"इतके जुने सिनेमे पाहून झाले, मग तेच पुन्हा घरी बसून, वर पैसे भरून, कशासाठी पाहता?" हा प्रश्न मला गावात, बाजारात, सोयरिकीच्या कार्यात कुठेही विचारला जातो. तरुण पोरे जरा वेगळ्या शब्दांत विचारतात : "काकाजी, मोबाईलवर फुकट भेटते ना जी हा पिच्चर, तुमी पैसे काऊन भरता?" विचारणाऱ्यांना माझा पूर्वीचा धंदा ठाऊक असतो. तरुणपणी मी यवतमाळ जिल्ह्यातल्या जत्रांमध्ये तंबूच्या सिनेमावर आणि पुढे तालुक्याच्या टॉकीजमध्ये ऑपरेटर म्हणून काम केले. तेव्हा या माणसाला आता नवे पाहण्यासारखे काय उरले असेल, असे त्यांना वाटणे साहजिक आहे. त्यावर माझे उत्तर असे आहे की, जे सिनेमे मी वर्षानुवर्षे दाखवले ते मी कधी धड पाहिलेच नव्हते, आणि माझ्यासमोर तंबूत बसलेल्या हजारो कास्तकारांनी आणि मजुरांनीही पाहिले नव्हते. आमच्या वाट्याला आली ती त्या सिनेमांची झिजलेली प्रत.

सिनेमाच्या व्यापारात विदर्भाची गणना 'सी. पी. बेरार', म्हणजे जुना मध्य प्रांत आणि वऱ्हाड, या विभागात होत असे. प्रिंट, म्हणजे पडद्यावर दाखवायची प्रत, आधी मोठ्या शहरांत चाले, मग नागपूर, अमरावती, अकोला अशी जिल्ह्याची ठिकाणे घेई, मग तालुका, आणि अगदी शेवटी जत्रेचा तंबू. प्रत्येक खेळाला फिल्म कडेच्या भोकांत अडकणाऱ्या दातेरी चाकांवरून आणि गेटमधल्या, म्हणजे यंत्राच्या प्रकाश पडणाऱ्या खिडकीतल्या, दाबातून जाते. तिच्यावर धूळ बसते, ती धूळच फिल्मला खरचटते, आणि पडद्यावर उभ्या पांढऱ्या रेघा दिसू लागतात. लोक त्याला 'पाऊस पडतो' म्हणत. फिल्म तुटली की दोन्ही टोके कापून 'सिमेंट' म्हणत त्या फिल्मच्या गोंदाने जोड द्यावा लागे, आणि प्रत्येक जोडात काही चित्रे कायमची जात. म्हणून गाण्याच्या मध्येच ओळ तुटे आणि नायिका एका पावलात अंगण ओलांडून जाई. वणीच्या जत्रेत आमच्याकडे येणाऱ्या पेट्या कितव्या गावाहून येत, ते पेटीवरच्या चिठ्ठ्यांच्या थरावरून कळायचे. पत्र्याचा डबा उघडला की कधी कधी आंबूस, शिरक्यासारखा वास नाकात भिनत असे. ॲसिटेट फिल्म उष्णतेने आणि दमटपणाने कुजू लागल्याची ती खूण असते, हे मला फार उशिरा वाचायला मिळाले. आमच्याकडच्या चैत्र-वैशाखात तो पत्र्याचा डबा एस.टी.च्या टपावर दिवसभर तापत असे, एवढे सांगितले तरी पुरे.

उजेडाचेही तेच. कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये ठिणगी धरून पडद्यावर प्रकाश टाकायचा, आणि कांडी जळत जाईल तसे अंतर हाताने सांभाळायचे. जनरेटर दमला की चित्र पिवळे पडत असे. सिनेमास्कोप, म्हणजे रुंद पडद्याचा चित्रपट आला तर त्यासाठी लागणारे वेगळे लेन्स तंबूकडे नसे, त्यामुळे माणसे काठीसारखी उंच आणि बारीक दिसत. लोक तेही गोड मानून घेत. सत्तरच्या दशकातल्या रंगीत प्रिंट काही वर्षांत गुलाबी होत, कारण फिल्मवरच्या तीन रंगांपैकी निळसर रंग सहसा आधी उडतो. आमच्याकडच्या अनेकांची अजूनही समजूत आहे की जुन्या सिनेमांचा रंगच मुळात तसा होता.

आता दुसरा नेहमीचा प्रश्न : तुम्ही घरी पाहता तो जुना सिनेमा इतका साफ कसा दिसतो, नवीन केला का? त्यात नवीन काही घातलेले नसते. कॅमेऱ्यातून निघालेली मूळ निगेटिव्ह म्हणजे घरचे राखलेले बियाणे. बाकी सगळे पीक त्यातून येते. निगेटिव्हवरून मास्टर, मास्टरवरून दुसरी निगेटिव्ह, तिच्यावरून प्रिंट, असे करता करता प्रत्येक पिढीत थोडा बारकावा गळतो. पुनर्संचयन, म्हणजे खराब झालेला चित्रपट मूळ रूपात परत आणण्याचे काम, करणारे लोक शक्यतो उलटे चालत मूळ निगेटिव्हपर्यंत जातात. ती न मिळाल्यास तिच्या जवळात जवळची प्रत शोधतात, आणि बऱ्याचदा दोन-तीन ठिकाणच्या प्रतींमधून चांगले भाग वेचून एक प्रत उभी करतात. फिल्मच्या कडेची फाटलेली भोके हाताने दुरुस्त होतात, फिल्म धुतली जाते, आणि मग एकेक चित्र स्कॅन होते. काही ठिकाणी स्कॅन करताना फिल्म एका द्रवातून नेतात. तो द्रव वरवरच्या ओरखड्यांत भरतो, त्यामुळे प्रकाश तिथे वाकडा जात नाही आणि रेघ दिसत नाही. खोलवर गेलेल्या जखमा पुढे संगणकावर भरून काढाव्या लागतात. सेकंदाला 24 चित्रे या हिशेबाने अडीच तासांच्या हिंदी चित्रपटात 2 लाख 16 हजार चित्रे होतात, आणि त्या प्रत्येकावरून कोणाची तरी नजर फिरलेली असते. ज्याने आयुष्यभर रीळ हाताळले आहे, त्याला या आकड्याचे वजन कळते.

जुन्या डीव्हीडीचे चित्र 720 बाय 576 ठिपक्यांचे असे, हाय-डेफिनिशनचे 1920 बाय 1080, आणि फोर-केचे 3840 बाय 2160. चांगल्या 35 मिलिमीटर निगेटिव्हमध्ये यातल्या शेवटच्या आकड्याला पुरेल इतका तपशील असतो. म्हणजे 1955 साली जे कॅमेऱ्याने टिपले ते तेव्हापासून तिथेच होते. मधल्या प्रतींनी आणि आमच्यासारख्यांच्या यंत्रांनी ते झाकले होते.

एक उदाहरण सविस्तर सांगतो. गुरुदत्त यांचा 'कागज के फूल' 1959 चा. त्याचे छायाचित्रण व्ही. के. मूर्ती यांचे. रिकाम्या स्टुडिओत वरून उन्हाचा एक झोत उतरतो, दोन माणसे दूर उभी असतात, आणि झोतात धुळीचे कण तरंगत असतात. हा उजेड मूर्तींनी आरशांनी सूर्यप्रकाश आत वळवून मिळवला होता. मी हा चित्रपट दाखवला तेव्हा पडद्यावर सगळीकडेच धूळ होती, प्रिंटची आणि गेटमधली, आणि तिच्यात मूर्तींची धूळ कुठली हे सांगणे अशक्य होते. आता घरच्या टीव्हीवर स्वच्छ प्रतीत तो प्रसंग आला आणि मी खुर्चीतून उठून पडद्याजवळ गेलो. अंधार पूर्ण स्वच्छ होता, आणि कण फक्त झोतात होते. झोताच्या बाहेर पडले की ते विझत होते, आत आले की पुन्हा उजळत होते. त्या माणसाने उन्हाची वाट पाहून, आरसे धरून जे केले होते, ते त्याच्याच धंद्यातल्या मला इतक्या वर्षांनी प्रथम दिसले. पुनर्संचयन किती नाजूक काम आहे तेही इथे कळते, कारण धूळ पुसणाऱ्या संगणकाला प्रिंटवरची धूळ आणि दृश्यातली धूळ यांतला फरक आपोआप कळत नाही. तो माणसालाच दाखवून द्यावा लागतो.

सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली'ची कथा तर मी ज्याला त्याला सांगतो. 1993 साली लंडनमधल्या एका प्रयोगशाळेला आग लागली, आणि तिथे आलेल्या मूळ निगेटिव्ह होरपळल्या. जळके, चिकटलेले, ठिसूळ झालेले ते तुकडे अमेरिकेतल्या ऑस्कर देणाऱ्या अकादमीच्या संग्रहालयाने टाकून न देता जपून ठेवले. पुढे इटलीतल्या बोलोन्याच्या तंत्रज्ञांनी त्यांना पुन्हा ओलावा देऊन, एकेक भोक हाताने दुरुस्त करून ते स्कॅन केले, आणि जो भाग वाचलाच नाही तो दुसऱ्या प्रतींतून घेतला. 2015 साली चित्रपट नव्याने लोकांसमोर आला. पुतण्याने त्याची ब्लू-रे डिस्क मला आणून दिली. पावसाआधी तळ्याच्या पाण्यावर लांब पायांचे किडे सरसरत फिरतात, असा एक भाग त्यात आहे. पूर्वीच्या प्रतीत पाण्यावर नुसती थरथर दिसे. या वेळी घरची मंडळी एकदम म्हणाली, "अवो, हे तर आपल्या तळ्यावरचेच किडे होत!" बंगालीचा एक शब्द न येणाऱ्या बाईला तो गाव आपला वाटला, तो त्या किड्यांच्या पायांमुळे. चित्र धूसर असते तर ती बहुधा मधूनच उठून गेली असती.

काही मित्रांचे म्हणणे असे की रेघा, खरखर, पिवळा उजेड हीच जुन्या सिनेमाची गोडी, आणि स्वच्छ केला की ती जाते. त्यांच्या आठवणींचा मी मान राखतो, पण हे मत मला मान्य नाही. ती गोडी आपल्या जत्रेची होती, सोबत्यांची होती. दिग्दर्शकाने आणि छायाचित्रकाराने रेघा काढल्या नव्हत्या. शहरातल्या पहिल्या आठवड्याच्या प्रेक्षकाने तोच चित्रपट लखलखीत पाहिला होता, मग गरिबीची प्रत तेवढी खरी, असे आपण का म्हणावे?

मात्र पुनर्संचयन आणि रंगरंगोटी यांची गल्लत करू नये. 1960 चा 'मुघल-ए-आझम' 2004 साली पूर्ण रंगवून पुन्हा प्रदर्शित झाला आणि लोकांनी तो उचलूनही धरला, परंतु ज्या प्रसंगांची प्रकाशयोजना काळ्या-पांढऱ्यासाठी बांधली होती, त्यांवर रंग चढवणे म्हणजे मूर्तींसारख्या माणसांचे काम पुसणे होय. दुसरी फसवणूक इंटरनेटवर सर्रास चालते. जुन्या कॅसेटवरची प्रत संगणकाने ताणायची आणि तिच्यावर 'एचडी' किंवा 'फोर-के' असे लिहून ती फुकट वाटायची. ती ओळखण्याची माझी खूण साधी आहे. सुती लुगड्याचे विणकाम आणि कानाजवळचे केस पाहावेत. खऱ्या प्रतीत धागा दिसतो आणि सगळ्या चित्रावर फिल्मचा बारीक रवा हलत असतो. नकली प्रतीत चेहरे मेणाचे होतात आणि केसांचा एकच काळा गोळा दिसतो. कपाळे वरून कापलेली असतील किंवा माणसे रुंद दिसत असतील, तर ती प्रत लगेच बंद करावी. फुकटची प्रत मी का पाहत नाही आणि चांगल्या प्रतीला पैसे का देतो, त्याचे कारण हेच.

घरचा टीव्हीही थोडा ताळ्यावर आणावा लागतो. चित्र गुळगुळीत करणारी 'मोशन'ची सोय बंद करावी, कारण ती 24 चित्रांच्या मध्ये स्वतःची चित्रे घुसवते आणि सिनेमा मालिकेसारखा दिसू लागतो. 'शार्पनेस' खाली आणावा, 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' हा प्रकार निवडावा. जुन्या चित्रपटांना बाजूला काळ्या पट्ट्या येतात, सिनेमास्कोपला वर-खाली येतात. त्या तशाच राहू द्याव्यात, चित्र ताणून भरू नये. दिवा मालवावा. आमच्याकडे वीज कधीही जाते, म्हणून मी इन्व्हर्टरवर टीव्ही घेतला आहे.

मला खरी हळहळ वाटते ती मराठीची. दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला 'संत तुकाराम' 1936 चा, पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचा. 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. विष्णुपंत पागनिसांचा तुकाराम आणि गौरींची म्हशीची उस्तवार करणारी जिजाई आमच्या तंबूतही लोकांनी हात जोडून पाहिली. त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. ती जळू लागली की पाण्याखालीही विझत नाही. जानेवारी 2003 मध्ये पुण्यात प्रभातच्या जुन्या आवारात नायट्रेटच्या साठ्याला आग लागली आणि त्या काळच्या कितीतरी मूळ फिती राख झाल्या. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 पासून पुण्यातच आहे, राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहिमेखाली चित्रपटांचे पुनर्संचयनही चालू आहे. पण तमाशापट असोत की सामाजिक चित्रपट, आमच्या पिढीने तंबूत पाहिलेल्या मराठी चित्रपटांपैकी फारच थोडे आज घरी स्वच्छ रूपात पाहायला मिळतात. शिवाय ते मिळाले तरी ज्या गावांत नेट धड चालत नाही तिथे त्यांचा उपयोग नाही. दूरदर्शनच्या मराठी वाहिनीवर असे चित्रपट मूळ मापात, न कापता, ठरलेल्या वेळी लावले तर ते खेड्यापाड्यांत पोचतील.

यात आपल्यालाही एक काम आहे. कॅनडातल्या डॉसन सिटी या गावी 1978 साली खोदकाम करताना जमिनीत पुरलेली शेकडो नायट्रेटची रिळे सापडली, आणि जगातून नाहीसे झालेले कितीतरी मूकपट त्यांत निघाले. ते गाव वितरणाच्या साखळीचे शेवटचे टोक होते, प्रिंट तिथून परत मागवण्याचा खर्च कोणाला परवडत नसे, म्हणून त्या तिथे राहिल्या. सी. पी. बेरारमधली आमची गावेही तशीच शेवटच्या टोकाला होती. तंबूवाल्यांच्या घरांत, बंद पडलेल्या टॉकीजच्या माळ्यावर अजून डबे पडलेले असतील. काळ्या-पांढऱ्या फिल्ममधली चांदी काढण्यासाठी असे कितीतरी डबे भंगारात गेले आहेत. तुमच्या घरी एखादा डबा असेल तर तो भंगारवाल्याला देऊ नका, रीळ उलगडून पुसू नका, कोणत्याही मशीनवर चढवून पाहू नका. डबा चुलीपासून आणि टिनाच्या छपरापासून लांब, घरातल्या सर्वात थंड आणि कोरड्या जागी, जमिनीवरून उचलून ठेवा, वरची चिठ्ठी फाडू नका, आणि पुण्याच्या संग्रहालयाला कळवा. पत्र कसे लिहायचे हे कळत नसेल तर माझ्याकडे या, मी लिहून देईन.